भागूप्रसादवरचा आठवा

गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी ‘भागूप्रसाद’चा शोध थांबवण्यात आला.

बोट आदल्या संध्याकाळी वाऱ्यात उलटली होती, करंजदांडा बंदरापासून बावीस मैल आत समुद्रात. पहाटे एका परदेशी मालवाहू जहाजाने पाच जणांना पाण्यातून उचललं. ते जहाज न थांबता उत्तरेला आपल्या ठरलेल्या बंदराकडे निघून गेलं. पाच जण जिवंत, एवढाच निरोप त्याने दिला. नावं दिली नाहीत. सव्वानऊला दुसऱ्या बोटीच्या जाळ्याजवळ दोन देह मिळाले. बोट चालवणारा तांडेल बाबाजी आणि खलाशी परेश. पाच आणि दोन, सात. सोमवारी बंदरातून निघताना बोटीने भरून दिलेल्या यादीत सात नावं होती. संख्या जुळली, म्हणून नियंत्रण कक्षाने विमान आणि गस्तीच्या नौका परत बोलावल्या.

बोटीवर आठ माणसं होती.

हे सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं. आठवा माणूस काळूराम, वय चौतीस. धर्माचा एकुलता मुलगा, सुचिताचा नवरा. दोन वर्षं तो यादीत नाव न घालता समुद्रावर जात होता.

धर्माच्या पडवीत त्या वेळी सहा माणसं होती. शेजारच्या आळीतून परेशच्या आईचा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, थांबला की सगळे त्या दिशेला पाहायचे, आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. धर्मा खांबाला टेकून बसला होता. बोटीचा मालक कमलेश, धर्माचा मेहुणा, उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

“यादीत नाव न्हाय, तर नेलास कशाला?” धर्मा विचारत होता. सकाळपासून चौथ्यांदा.

“दाजी, त्याचा मच्छीमारीचा कार्ड चालत न्हाय. मशीनमदी टाकला का मयत दाखवतंय. सगल्या बोटींनी त्याला परत धाडला. मी मामा म्हनून घेतला.”

“मामा म्हनून बुडवलास.”

“माज्या भावाला बोलू नका,” धर्माची बायको नीराबाई आतून म्हणाली. ती दाराशी येऊन उभी राहिली. “दोन वर्सं माज्या पोराला कुनी काम दिला? त्यानंच दिला ना? तुमी दिलात?”

 धर्माने मान वळवली आणि आपल्या धाकट्या भावाकडे पाहिलं. करंजदांड्यात गेली चाळीस वर्षं असंच चाललं होतं. जेटीचा अर्ज असो, कुणाचा दाखला अडलेला असो, शेवटी सगळे अंबाजीकडे पाहत.

“अंब्या, तू बोल त्यांच्याशी. तुजं ऐकतील.”

अंबाजी पहिल्या रो-रो बोटीने मुंबईहून मांडव्याला उतरून आठ वाजता घरी पोचला होता. वय त्रेसष्ट. तीस वर्षं त्याने संगणकशास्त्र शिकवलं. मध्ये सहा वर्षं परदेशात, इंटरनेटवर शोध घेऊन देणाऱ्या एका कंपनीत गेली. त्याने कक्षाचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पुढे त्याला त्या स्पीकरचा पश्चात्ताप झाला.

पलीकडचा अधिकारी सभ्य होता. “नाव सांगा सर.”

“काळूराम धर्मा. करंजदांडा.”

बटणांचा आवाज आला. “सर, हे गृहस्थ मयत आहेत. नऊ वर्षांपूर्वी.”

“ते माझे वडील. हा त्यांचा नातू. नाव तेच.”

“वडिलांचं नावही तेच?”

“हो. आमच्यात थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात. धर्माचा काळूराम, काळूरामचा धर्मा, पुन्हा धर्माचा काळूराम. घरही एकच.”

“असेल सर. पण मच्छीमार नोंदणीत करंजदांड्याचा काळूराम धर्मा एकच आहे.” अधिकारी थोडा थांबला. “मी खोटं समजत नाही तुम्हाला. पण नोंदीतले सात, सापडलेले सात. नोंदीत नसलेल्या माणसासाठी मला विमान मागता येत नाही. नोंद दाखवा, वीस मिनिटांत नौका सोडतो.”

फोन बंद झाला. कमलेश बाहेरून म्हणाला, “आयकलात? मी हेच सांगत व्हतो.”

 नोंदणीत काळूराम एकच का आहे, हे त्या अधिकाऱ्याला माहीत नव्हतं. कमलेशला नव्हतं, धर्माला नव्हतं. अंबाजीला मात्र ते अधिकाऱ्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी कळलं होतं.

तो उठला आणि मागच्या अंगणात गेला. तिथे बोंबील वाळवायच्या काठ्या रिकाम्या उभ्या होत्या.

बारा ते अडीच या वेळात अंबाजीने सहा फोन केले. दोन जुने विद्यार्थी, एक सचिव, एक निवृत्त नौदल अधिकारी, एक आमदार, आणि पुन्हा तोच सचिव. सगळे आदराने बोलले. सगळ्यांनी सांगितलं, पाहतो. एकालाही त्याने खरं कारण सांगितलं नाही. शोध कुणाच्या तरी शब्दाखातर सुरू व्हावा, नोंदणीचं नंतर शांतपणे पाहता येईल, असा त्याचा विचार होता. त्या अडीच तासांत समुद्रावर काय झालं असेल, याचा हिशेब तो पुढे आयुष्यभर करणार होता.

शेवटचा फोन संपला तेव्हा हेमाली समोर उभी होती. धर्माची मुलगी, वय एकतीस. नाक्यावर दाखले आणि अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवायची. तिचा नवरा दिपेश त्याच बोटीवर होता. त्याचं नाव यादीत होतं. तिच्या हातात एक निळी फाइल होती.

“काका, अडीच तास झाले.”

“करतोय मी, हेमा.”

“काय करताय?” तिने फाइल उघडून काठ्यांखालच्या ओट्यावर ठेवली. “हे चार अर्ज. दादूसचं कार्ड मयत दाखवायला लागलं तेव्हापासूनचे. आणि हे एकच उत्तर.”

उत्तर अर्ध्या पानाचं होतं. ‘सदर नोंद नियमानुसार एकत्रित करण्यात आली असून ती योग्य आहे.’ खाली तांत्रिक समितीच्या अध्यक्षाची सही होती. छापलेली सही, हजारो पत्रांवर जाते तशी. अंबाजीने ती ओळखली. ‘अं’चं टिंब तो नेहमी जरा लांब देतो.

“हे मी घरात कुणाला दाखवलं नाही,” हेमाली म्हणाली. “आयेला नाही, बाबांना नाही. तुमची सही होती म्हणून. वाटलं, काका आहेत, होईल. शिमग्याला तुम्ही आलात तेव्हा मी बोलले होते. आठवतंय?”

आठवत होतं. होळीच्या माडाजवळ, ढोलाच्या आवाजात. ‘काका, दादूसच्या कार्डाचं जरा बघा ना.’ तो म्हणाला होता, ‘होईल गं.’

एका माणसाची एकच नोंद. अंबाजीचं पहिलं व्याख्यान दर वर्षी याच वाक्याने सुरू व्हायचं. नव्वदीच्या दशकात इंटरनेटवर काही शोधलं की तेच पान दहा वेळा समोर यायचं, थोडं इकडेतिकडे बदललेलं. अशी जुळी पानं ओळखायची कशी, यावर त्याने निबंध लिहिला आणि तो जगभर वाचला गेला. त्यातली युक्ती साधी होती. दोन पानं पुरेशी सारखी असतील, तर ज्याच्याकडे बाहेरून जास्त वाटा, म्हणजे दुवे, येतात ते खरं धरायचं आणि दुसरं त्याच्या पोटात घालायचं. पानांच्या बाबतीत ती क्वचितच चुकायची, आणि चुकली तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी मच्छीमारांची नोंदणी करायची ठरली तेव्हा त्याला समितीवर बोलावलं. कोळ्याचा पोरगा, म्हणून मुद्दाम. जुन्या सोसायट्यांच्या याद्या, रेशनकार्डं, बोटींचे परवाने, सगळं एका ठिकाणी ओतायचं होतं आणि एकच माणूस पाच ठिकाणी आला होता. त्याने आपली युक्ती दिली. नाव, बापाचं नाव, घर आणि गाव सारखं असेल, तर माणूस एक. कुणीतरी विचारलं, जन्मतारखेचं काय? अंबाजी हसला होता. “आमच्याकडे शाळेत घालताना गुरुजीच तारीख टाकतात. माझीही एक जूनच आहे. वर्षसुद्धा अंदाजे. जन्मतारखेला शून्य वजन द्या.” समितीही हसली. इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं : जन्मतारीख, वजन शून्य.

दुसऱ्या कुठल्याही प्राध्यापकाने तारखेला थोडं तरी वजन दिलं असतं. कोळीवाड्यातल्या तारखा खोट्या असतात, हे फक्त अंबाजीला माहीत होतं. आणि कोळीवाड्यात आजोबा आणि नातू एकाच नावाचे असतात, हेही. पहिली गोष्ट त्याला आठवली. दुसरी आठवली नाही. तो स्वतः दुसरा मुलगा. त्याला आईच्या बापाचं नाव मिळालं होतं.

म्हाताऱ्या काळूरामच्या नावावर चौदा कागद होते. सोसायटी, बोट, परवाना, रेशन. नातवाच्या नावावर तीन. नातू आजोबाच्या पोटात गेला. मग दोन वर्षांपूर्वी मृत्यूंची नोंदवही जोडली गेली.

“बाबांना तुम्ही सांगणार का मी सांगू?” हेमालीने विचारलं.

त्याने सांगितलं. पडवीत परत जाऊन, उभ्याने, सोप्या शब्दांत. तीन-चार वाक्यं लागली. बोलता बोलता त्याची भाषा आपोआप घरची झाली. “दादा, कालूचा कार्ड मी मेलेला केला. माज्या नियमानं. माजी चूक हाय.”

धर्माला पहिल्यांदा समजलं नाही. “तू कशाला करशील? सरकारनं केला.”

“नियम माजा व्हता.”

“कोन बोलतंय? कमल्या बोलतंय?” धर्मा उठायला लागला. “माज्या भावावर घालताव काय रं? तू बुडवलास आनि—”

“दाजी, मी काय बोललो? ते सोताच सांगतान!” कमलेशने पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. त्याच्या आवाजात सुटका होती आणि ती त्याला लपवता आली नाही. “म्हंजे मी न्हाय. आयकलास नीरे? मी न्हाय.”

नीराबाई आपल्या भावाकडे पाहत नव्हती. “भावजी,” ती म्हणाली, “त्या पोराला तुमी पाटी-पेन्सिल आनून दिली व्हतीत. तुमच्या मांडीवर बसून गिरवलान. तुमाला म्हायती न्हवता, तो जित्ता हाय?”

  मग धर्मा खांबाशी पुन्हा बसला.

“नाव मी ठेवला,” तो म्हणाला. “बाचा नाव चालवायचा म्हनून. तुला काय बोलू? नाव मीच ठेवला.”

अंबाजीला तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

“हे सगळं मागनं बोला,” हेमाली म्हणाली. “काका, आता काय लागतं ते सांगा. तीन वाजत आले.”

लागत होतं एक पत्र. नोंदणीचं काम मुंबईत विनिता पाहायची, त्याचीच जुनी विद्यार्थिनी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सर, अध्यक्षांनी लेखी दिलं तर नोंद फोडता येईल. एका नोंदीपुरतं लिहा. अपवाद म्हणून.”

“अशा किती असतील?”

“सर, आत्ता ते कशाला?”

“नाव, बाप, घर सारखं आणि वयात पस्तीस वर्षांहून जास्त फरक. किती एकत्र केल्या आपण?”

चार मिनिटं लागली. “चार हजार एकशे सहा.” तिचा आवाज खाली गेला. “त्यातल्या मयत, तीन हजार नऊशे चौदा.”

“हरकती आल्या नव्हत्या?”

“आल्या होत्या. तुम्ही दोनशेचा नमुना तपासलात. चूक फक्त अर्धा टक्का, असं तुम्हीच लिहिलंत. चालण्यासारखी आहे म्हणालात.”

दोनशेत एक. तो एक कुठल्या गावचा होता, हे त्याने तेव्हा पाहिलं नव्हतं.

अंबाजीने हेमालीच्या केंद्रात बसून पत्र लिहिलं. एका नोंदीचं नाही, नियमाचं. ‘हा नियम चुकीचा आहे. तो मी दिला. ज्या नोंदींना तो लावला त्या सर्व संशयास्पद धराव्यात.’ हेमालीने ते वाचलं आणि पाठवलं.  तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मुंबईत ते पत्र तीन टेबलांवरून गेलं. शोध पुन्हा सुरू करण्याचा आदेश चार वाजून पस्तीस मिनिटांनी निघाला. गस्तीच्या दोन नौका पाचला पाच कमी असताना सुटल्या. विमान मिळालं नाही. ते दुसऱ्या कामाला गेलं होतं. त्या दिवशी सूर्यास्त सहा वाजून नऊ मिनिटांनी होता.

साडेचारला मालवाहू जहाजाकडून नावं आली होती. चार नावं. पाचव्यापुढे लिहिलं होतं, ‘बेशुद्ध. वय अंदाजे तीस ते चाळीस.’

सुचिताने बोटांवर मोजलं. आठातले दोन गेलेले. चार नावं आलेली. राहिले दोन, काळूराम आणि दिपेश. एक जहाजावर होता आणि एक पाण्यात.

हेमाली केंद्रातून परतल्यापासून दोघी एकाच घोंगडीवर बसल्या होत्या, एकीची मान दुसरीच्या खांद्यावर. आता सुचिता सरळ बसली. त्यांच्यामध्ये हातभर जागा झाली. कुणी ती मुद्दाम केली नव्हती.

“फोटो मागा,” कमलेश म्हणाला.

“मागितलाय. अजून आला नाही,” अंबाजी म्हणाला. “जहाजाला विचारायला काही खूण सांगा. एका शब्दात उत्तर देता येईल अशी.”

“ह्यांच्या डाव्या हातावर होडी गोंदलेली हाय,” सुचिता म्हणाली. मग तिने हेमालीकडे पाहिलं. “दिपेशभावजींच्या हातावर—”

“काही नाही,” हेमाली म्हणाली. “तो सुईला घाबरतो.”

इंग्रजीत लिहायचं होतं. अंबाजीने फोन पुढे घेतला. हेमालीने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. डाव्या हातावर होडी गोंदलेली आहे का, हो किंवा नाही. तिने ते स्वतः टाइप केलं, एकदा वाचलं आणि पाठवलं. हो आलं तर भाऊ जहाजावर होता, नाही आलं तर नवरा. तिने फोन पडवीच्या ओट्यावर पालथा ठेवला आणि पाणी प्यायला आत गेली. नीराबाई तिच्या मागे गेली. 

कमलेश बंदरावर गेला. वाड्यातल्या अकरा बोटी आदेशाची वाट न पाहता दुपारीच निघाल्या होत्या. त्यांच्याकडून वायरलेसवर काही येतं का, ते त्याला ऐकायचं होतं. धर्मा जागचा हलला नाही. अंबाजी त्याच्याजवळ जाऊन बसला. थोड्या वेळाने धर्मा म्हणाला, “इतकी वर्सं तू शिकवलास काय रं, अंब्या? मला कदी समजला न्हाय. लोकांना सांगायचो, माजा भाव शोधतो.”

“व्हय.”

“मंग शोध ना.”

सहा वाजून बारा मिनिटांनी सुचिताचा फोन वाजला. काळूरामच्या कार्डाला तिचाच नंबर जोडलेला होता. तिने निरोप पाहिला आणि तिच्या तोंडून एक शब्द निघाला, तो कुणाला कळला नाही. ती उठून उभी राहिली. फोन दोन्ही हातांत धरला होता.

“हयात हाय!” ती ओरडली. “आये, ह्यांचा नाव लिहिलाय. काळूराम धर्मा, वय चौतीस, हयात!”

नीराबाई धावत बाहेर आली. तिच्या मागे हेमाली. ती दारात थांबली आणि तिने चौकट धरली. धर्मा उठला. शेजारच्या आळीतला आवाजही थांबला.

अंबाजीने सुचिताच्या हातातून फोन घेतला. निरोप जहाजाकडून आलेला नव्हता. मच्छीमार नोंदणीकडून होता. ‘आपल्या नोंदीत दुरुस्ती करण्यात आली आहे. काळूराम धर्मा, वय ३४. स्थिती : हयात.’ खाली वेळ होती आणि तक्रार निकाली काढल्याचा क्रमांक होता. हेमालीच्या चौथ्या अर्जाचा.

“काका, बरोबर वाचला ना मी?” सुचिता विचारत होती. “जित्ते हायेत ना?”

सगळे त्याच्याकडे पाहत होते.

“ही नोंद आहे, सुचिता,” तो म्हणाला. “माझ्या पत्राने झालेली. समुद्रावरची बातमी नाही.”

 मग तिने हात पुढे करून फोन परत मागितला. ती निरोप पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

बाहेर काळोख पडत होता. हेमालीने चौकट सोडली नव्हती. ओट्यावरचा अंबाजीचा फोन पालथाच होता. सहा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत जहाजाचं उत्तर आलेलं नव्हतं.